घोडी पाठीवर बसू देत नाही, विकून टाकू का?

सातारा जिल्ह्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आलं आहे. मागच्या दत्तजयंतीला ते सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गेले आणि एक मारवाडी घोडी घेऊन आले. विकणाऱ्यानं वय तीन वर्षं सांगितलं. बाजारात हलगी वाजत होती, माणसांची रेटारेटी होती, तरी घोडी जागची हलली नाही, म्हणूनच ती पसंत पडली. घरी आल्यापासून मात्र ती खताच्या रिकाम्या गोणीला बुजते, ट्रॅक्टरला बुजते, पाठीवर काही टाकलं की अंग थरथरवते. चार दिवस खोगीर टाकून पाहिलं. पाचव्या दिवशी दोघांनी तोंड धरलं आणि हे पाठीवर बसले. ती आधी दगडासारखी उभी राहिली आणि मग चौखूर उधळली. यांचं कोपर मोडलं, हात अजून प्लास्टरमध्ये आहे.

शेजारच्या गावातला चाबुकस्वार (घोडे शिकवणारा) म्हणतो, नदीच्या वाळूत दमवतो, दहा दिवसांत नरम करून देतो. वडील म्हणतात, हिच्या कपाळावरचा भोवराच वाईट, हिच्यात खोड आहे. तुझ्या आजोबांनी तर आठवड्यात घोडं चालतं केलं होतं. पत्नी म्हणते, विका. ११ वर्षांची मुलगी रोज विचारते, मी कधी बसू? पत्राच्या शेवटी ते लिहितात: "आमच्याकडे चांदोबाच्या लिंबाला माउलींचं उभं रिंगण होतं. तो अश्व एवढ्या गर्दीत धावतो आणि बुजत नाही. माझी घोडी गोणीला बुजते. दोष तिच्यात आहे की माझ्यात? विकू, चाबुकस्वाराकडे देऊ, की वाट बघू?"

नमस्कार,

आधी तुमच्या हाताविषयी. हाड नीट जुळेपर्यंत घोडीची दोरी त्या हातात घेऊ नका. आणि आसपास कोणी नसताना दुसऱ्या हातातही घेऊ नका. पुढे जे सांगणार आहे त्यातलं पहिल्या महिन्याचं बरंचसं काम स्टुलावर बसून करायचं आहे, त्यामुळे प्लास्टर आडवं येणार नाही.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. ती आधी दगडासारखी उभी राहिली. मग वर जाऊन बाजाराचं वर्णन पुन्हा वाचलं. तिथेही ती हलली नव्हती. तुम्हाला ती बाजारात शांत वाटली आणि घरी येऊन बिघडली असं वाटतं आहे. मला वाटतं, ती बाजारातही घाबरलेलीच होती. घोड्याला भीती वाटली की तो पळतो हे आपल्याला ठाऊक असतं. पण पळायला वाट नसली, दोन्हीकडून दोर असला, चहूकडे अनोळखी माणसं असली, तर तो गोठतो. मालकाला हे गोठणं फार सोयीचं वाटतं, कारण त्यात जनावर हलत नाही. पण आत सगळं चालू असतं. पाठीवर तुमचं वजन आलं तेव्हा ती अशीच गोठली होती, आणि मग तिला वाट दिसली.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. पंचविशीत असताना माझ्याकडे एक तरणा घोडा शिकायला आला होता. तो प्लॅस्टिकला बुजायचा. मी त्याला खांबाला बांधला आणि ताडपत्रीचा तुकडा त्याच्या अंगावरून फिरवत राहिले, तो धडपडायचा थांबेपर्यंत. अर्ध्या तासात तो थांबला. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांत थांबला. आठव्या दिवशी हललाच नाही, आणि मी मालकाला फोन करून सांगितलं की घोडा तयार आहे. तिसऱ्या आठवड्यात डांबरी रस्त्यावर एक कॅरीबॅग उडत त्याच्या पोटाखालून गेली. त्या दिवशी तो खांबाला बांधलेला नव्हता. आम्ही दोघंही रस्त्यावर पडलो. मला खरचटलं, त्याचे दोन्ही गुडघे सोलून निघाले. जखमा भरल्या, पण त्या जागी केस पांढरे उगवले. तांबड्या घोड्याचे दोन पांढरे गुडघे मी पुढची कित्येक वर्षं बघत होते. त्याला मी शिकवलं होतं ते एवढंच, की धडपडून काही उपयोग नाही. प्लॅस्टिकची भीती होती तिथेच होती.

म्हणून सगळ्यात आधी उभं राहणं आणि शांत असणं यांतला फरक ओळखायला शिका. शांत घोड्याची मान खाली येते, खालचा ओठ सैल लोंबतो, एक मागचा पाय नुसता टेकवलेला असतो, पापण्या मिटतात-उघडतात, एक कान इकडे तर दुसरा तिकडे वळत असतो. गोठलेल्या घोड्याची पापणी लवत नाही. ओठ घट्ट, नाकपुड्या ताणलेल्या, शेपूट आत दाबलेली, दोन्ही कान एकाच जागी खिळलेले. तरीही शंका असली तर नाडी बघा. जबड्याच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूला बोटं ठेवली की सुतळीसारखी शीर हाताला लागते. १५ सेकंद मोजा आणि चारनं गुणा. विसाव्यात असलेल्या घोड्याचे ठोके मिनिटाला ३० ते ४५च्या आसपास असतात. नुसती उभी आहे आणि ठोके ८० लागले, तर ती उभी राहिली आहे, शांत झालेली नाही. हे मोजायची सवय मुलीलाही लावा, तिला आवडेल.

आता वडिलांच्या बोलण्याकडे येते. आजोबांनी आठवड्यात घोडं चालतं केलं, हे खरं असणार. पण ते घोडं कुठून आलं होतं हे वडिलांना एकदा विचारा. त्या काळात बरीच घोडी घरच्याच घोडीच्या पोटची किंवा गावातलीच असायची. शिंगरू अंगणात वाढायचं. पोरं त्याच्या गळ्यात पडायची, कोंबड्या पायांतून पळायच्या, बाया डोक्यावर भारे घेऊन शेजारून जायच्या, बैलगाडी खडखडत यायची. आई खुंट्याला बांधलेली आणि शिंगरू मोकळं, गोणीवर तोंड घासणारं. ते तीन-चार वर्षांचं होईपर्यंत त्याची निम्मी शिकवण होऊन गेलेली असायची. कुणी तिला नाव दिलं नव्हतं, एवढंच. आजोबांचा आठवडा सगळ्यांच्या लक्षात राहिला, आधीची तीन वर्षं मोजायची कुणाला गरजच पडली नाही.

रिंगणाच्या अश्वांचंही तसंच बघा. पालखीसोबतचे शितोळे सरकारांचे ते दोन अश्व दरवर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून आळंदीला पायी येतात. रस्ते, पूल, वाहनं, टाळ-मृदंग, पाया पडायला पुढे येणारे हजारो हात, हे सगळं त्यांनी पावलापावलानं, माणसाच्या सोबतीनं पाहिलेलं असतं. मग चांदोबाच्या लिंबाला ते धावतात. तुमच्या घोडीनं काय पाहिलं? ओळखीचं ठिकाण सुटलं, बाजार, रात्रभर ट्रकमध्ये पाचशे किलोमीटरांच्या आसपास प्रवास, आणि उतरल्यावर एकही ओळखीचा वास नाही. तुम्ही लिहिलं आहे की बुजते म्हणून तिला गाईंपासून दूर, मागच्या शेडमध्ये एकटी ठेवली. हे आजच बदला. घोडा कळपातलं जनावर आहे. कळपात एक झोपला तर दुसरा जागा राहतो. एकट्या घोड्याला सगळी राखण स्वतःच करावी लागते. तिला गाई दिसतील अशी जागा द्या. शेळी असेल तर शेजारी बांधा. शर्यतीच्या घोड्यांनाही सोबतीला शेळी देतात, आणि बऱ्याच घोड्यांना ती मानवते.

खोड हा शब्द मला जपून वापरावासा वाटतो. एकदा खोड म्हटली की पुढचं बघणं थांबतं. भोवरा हा केसांचा वळसा आहे. त्यावरून घोडी घेणारे-न घेणारे मी बाजारात भरपूर पाहिलेत आणि वडिलांच्या श्रद्धेशी मला वाद घालायचा नाही. पण भोवरा तर बाजारातही तिथेच होता. गोणीला ती का बुजते हे तिच्या डोळ्यांवरून जास्त कळतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचं एकदम दिसतं. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या अगदी मागचं. पायाशी फडफडणारी गोणी तिला कडेनं, अस्पष्ट, हलताना दिसते. मोकळ्या माळावर जे गवतात हललं त्यापासून जे आधी पळाले ते वाचले, त्यांचीच ही लेक आहे. उजेडातून अंधाऱ्या शेडमध्ये जाताना ती थबकत असेल तर तेही हट्टानं नसतं. तिची नजर अंधाराला सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ घेते. दारात क्षणभर थांबू द्या.

पाठीवर काही टाकलं की थरथरते, यामागे दुखणंही असू शकतं. काहीही शिकवण्याआधी पशुवैद्यकाकडून तिचे दात, पाठ, खूर तपासून घ्या. धनुर्वाताची लस झाली नसेल तर तीही. दातांवरून वयही कळेल. पुढचे मधले दोन दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. विकणाऱ्याच्या तोंडचे तीन खरे तीनच आहेत का, हे मला बघायला आवडेल. या वयात दाढाही बदलत असतात, हिरड्या दुखतात, आणि त्यावर कडियाळं (लगामाची तोंडातली लोखंडी कांडी) घातलं की ती मान झटकते. आपण म्हणतो लगाम ऐकत नाही. चाऱ्याचं एक राहिलं. तुम्ही दोन वेळा चंदी, म्हणजे दाणा, देता आणि मधे तिच्यापुढे काही नसतं. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरतं, तो खात असो वा नसो. तासन्‌तास रिकामं राहिलं तर आतून जखमा होतात, आणि अशी घोडी तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळला की चावायला येते. हरभरा कमी करा, तिला काम नाही तोवर एवढी चंदी लागत नाही. सुकं गवत मात्र दिवसभर पुढे असू द्या. निम्म्या घोड्यांची निम्मी खोड इथे जाते, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

आणि घाई कशाची आहे? घोड्याच्या पायाची खालची हाडं लवकर पक्की होतात, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालू असते. शर्यतीचे घोडे दुसऱ्याच वर्षी पाठीवर माणूस घेतात, हे वडील तुम्हाला सांगतील आणि ते खरं आहे. पण त्यातल्या कित्येकांचं काम लहान वयातच संपतं, आणि तुम्हाला तर ही घोडी २० वर्षं हवी आहे. पाठीवर माणूस चौथ्या वर्षानंतर, तोही हलका आणि थोडा वेळ, असं मी धरते. म्हणजे तुमच्या हाताशी एक वर्ष आहे. तुम्ही वाट बघू का विचारलंत. नुसती वाट बघू नका, ते वर्ष वापरा.

सुरुवात अशी करा. रोज ठरलेल्या वेळी तिच्या जागेजवळ, कठड्याच्या बाहेर, स्टूल टाकून अर्धा तास बसा. तिच्याकडे टक लावून बघू नका, खांदा तिच्याकडे असू द्या. पेपर वाचा, फोनवर बोला, काहीही. काही दिवसांनी ती आपण होऊन वास घ्यायला येईल. आली की हात पुढे करायचा नाही. हा मोह आवरणं माणसांना सगळ्यात जड जातं. तिनं वास घ्यावा, जावं, पुन्हा यावं. मग आत जा, पण सरळ तोंडासमोरून नको, खांद्याच्या रोखानं तिरकं जा. तिचा कान ताठ झाला, मान वर गेली की तिथेच थांबा. मान खाली आली, श्वास सुटला की एक पाऊल मागे या. हे मागे येणं हाच तुमचा सगळ्यात मोठा खाऊ आहे. ताण आला तेव्हा तुम्ही थांबलात आणि ताण सोडला तेव्हा तुम्ही दूर झालात, हे तिच्या लक्षात येतं. पुढचं सगळं शिक्षण या एकाच हिशेबावर चालतं. घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणाला शिकतो. म्होरकीची (तोंडावर बांधायच्या साजाची) दोरी ओढलीत, तिनं अर्धं पाऊल टाकलं, की दोरी लगेच सैल. दोन सेकंदांनी सैल केलीत तर ती वेगळंच काही शिकते.

खराऱ्याचा, म्हणजे अंग घासून साफ करण्याचा, वेळ कमी करू नका. आयाळ संपते तिथे खांद्यावर जो उंचवटा असतो, तिथे घोडी एकमेकांना दातांनी खाजवतात. तिथे बोटांनी खाजवा. तिचा वरचा ओठ लांब होऊन वळवळायला लागला की समजा जागा सापडली. तिथे खाजवल्यानं ठोके खरोखर कमी होतात, नाडीवर हात ठेवून बघा. तिथून मग पाठीकडे, पोटाकडे, तंग बसतो त्या जागेकडे, मांड्यांकडे. जिथे ती आकसेल तिथून हात मागे आणा, पुन्हा उंचवट्यावर. आणि जे डावीकडून केलं ते उजवीकडूनही पहिल्यापासून करायचं. आपल्याकडे सगळं डावीकडून करायची पद्धत आहे, आणि मग उजवीकडून पाय टाकला की घोडी दचकते.

आता गोणी. ती तिच्याजवळ न्यायची नाही. तिला दोरीवर धरून तुम्ही चाला (हात बरा झाल्यावर) आणि मुलानं किंवा गड्यानं गोणी सुतळीला बांधून पुढे, वीसेक पावलांवरून ओढत न्यायची. गोणी पळते आहे आणि घोडी मागे चालली आहे. घोड्याच्या जगात जे मागे लागतं ते भयंकर, जे पुढे पळतं ते नाही. काही फेऱ्यांनी तिचे कान पुढे होतील, पावलं भराभर पडायला लागतील. मग गोणी थांबते आणि ती स्वतःच नाक लावायला जाते. माझ्याकडच्या एका शिंगरानं तिसऱ्या दिवशी गोणी दातात धरून मलाच दाखवायला आणली होती. असं झालं की गोणी शेडच्या दाराशी पडू द्या, तिच्यावर चंदीचं घमेलं ठेवा. ट्रॅक्टरलाही हीच रीत. आधी बंद ट्रॅक्टर, त्याच्या चाकाशी गवत, मग लांबवर चालू, मग पुढे जाणारा आणि मागे चालणारी घोडी. एका दिवसात एकच नवी गोष्ट. आणि थांबायचं ते ती बरी असताना. आपण नेहमी अजून एकदाच म्हणतो, आणि त्या एकदाच सगळं फिसकटतं.

कावे देण्याबद्दल, म्हणजे घोडी गोल फिरवण्याबद्दल, सांभाळून. लांब दोरीवर घोडी गोल फिरवणं चांगलं, त्यानं ती आवाजावर चालायला, दुडकायला, थांबायला शिकते. पण तिला दमवण्यासाठी कावे देऊ नका. आवळ वर्तुळात कोवळ्या सांध्यांवर ताण येतो, आणि रोज दमवलेल्या घोडीचा दम वाढत जातो, मग तुम्हाला अजून दमवावं लागतं. दोरी लांब ठेवा, वर्तुळ निदान १५ मीटर रुंद, दोन्ही दिशांना मिळून दहाएक मिनिटं. दोरी हाताभोवती कधीही गुंडाळायची नाही. घोडी उधळली तर दोरी सुटलेली परवडते, बोटं गेलेली परवडत नाहीत. शब्द दोन-तीनच ठेवा आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा. बापानं "हो" म्हणायचं आणि आजोबांनी "थांब गं", यानं तिचा गोंधळ होतो.

खोगीर यानंतर, आणि त्याआधी गोणपाट. गोणपाट तिला हुंगू द्या, खांद्यावर घासा, पाठीवर ठेवा, आणि ती हलायच्या आत तुम्हीच काढून घ्या. ठेवा, काढा, ठेवा, काढा. मी हे एका बैठकीत तीस-चाळीस वेळा करते. काढण्याला ठेवण्याइतकंच महत्त्व आहे, कारण पाठीवर आलेली गोष्ट जातेही, हे तिला कळायचं आहे. तुमच्या बाबतीत तिला हे ठाऊकच नव्हतं. मग ढिला पट्टा, मग रिकामं खोगीर, तंग एकेक भोक करत आवळायचा आणि मधे तिला चार पावलं चालवायचं. मग रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) खाली सोडून चालवा, कुशीला आपटू द्या. मग दोन लांब दोर म्होरकीला बांधून तिच्या मागून, पण लाथेच्या टप्प्याबाहेरून, जरा एका बाजूला राहून चाला. डावीकडे, उजवीकडे, थांब, मागे. शेताच्या बांधावरून, ओढ्यातून, गावाच्या वेशीपर्यंत. हे काम आमच्याकडे कुणी फारसं करत नाही आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. पाठीवर माणूस येण्याआधीच तिला वळणं आणि थांबणं येत असतं, त्यामुळे त्या दिवशी नवीन असतं ते फक्त वजन. तेही आधी पोटावर आडवं झोपून, क्षणभर, उतरून, पुन्हा. स्वार आणि खोगीर मिळून घोडीच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त भार पूर्ण वाढलेल्या घोडीलाही नको. साडेतीनशे किलोची घोडी असेल तर सगळं मिळून सत्तर. कोवळ्या घोडीला त्याहून कमी. घरात सगळ्यात हलकं कोण आहे ते बघा, आणि जो बसेल त्याच्या डोक्याला हेल्मेट हवंच.

चाबुकस्वाराकडे देऊ नका असं मी सरसकट म्हणणार नाही. या धंद्यात फार जाणती माणसं आहेत. मला नाडी बघायला शिकवणारा माणूस चाबुकस्वारच होता, त्याला लिहिता येत नव्हतं. पण देण्याआधी त्याच्याकडे जा आणि त्यानं तयार केलेला एखादा घोडा मोकळा असताना त्याच्याजवळ येतो की कोपऱ्यात जातो ते बघा. विचारा की मी रोज येऊन समोर उभा राहीन, चालेल का? जो हो म्हणेल, घोडी मला समजून घेऊ द्या म्हणेल, त्याच्याकडे द्या आणि स्वतःही शिका. जो वाळूत दमवून दहा दिवसांत देतो म्हणतो, तो तुम्हाला बाजारातली तीच घोडी परत देईल. दगडासारखी उभी. आणि तिच्यावर तुमची मुलगी बसेल.

विकण्याबद्दल. तुमच्या पत्नीचं बोलणं भित्रेपणाचं नाही. घरातल्या माणसाचं हाड मोडलं आहे आणि ते त्यांनी पाहिलं आहे. त्यांच्याशी बसून खरा हिशेब करा. रोज पाऊण तास, वर्षभर, सुगीतही, निघणार आहे का? चाऱ्याचा, नालाचा, डॉक्टरांचा खर्च पाठीवर न बसता वर्षभर पेलणार आहे का? उत्तर नाही असेल तर विका, त्यात कमीपणा नाही. फक्त घेणाऱ्याला सांगून विका की ही बुजते, पाठीवर घेत नाही, मला पाडलं आहे. भाव कमी येईल, येऊ द्या. तुम्हाला हे कुणी सांगितलं असतं तर तुमचं कोपर शाबूत असतं.

दोष कुणाचा, हे तुम्ही विचारलंत. तुम्ही घाई केलीत, ती चूक होती. तिनं पाडलं, त्यात तिची चूक मला दिसत नाही. ती बिघडलेली नाही. तीन आठवड्यांचा वाईट अनुभव आहे, तो पुसायला काही महिने लागतील, पण या वयात तो पुसला जातो.

आता तुमच्या मुलीचं. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलं आहे की मुलीच्या हातून ती गाजर खाते. मला हे सगळ्या पत्रातलं सर्वांत आशेचं वाक्य वाटलं. म्हणजे तुमच्या घरात एक माणूस असं आहे जे तिच्याकडून काही मागत नाही आणि घोडीनं ते ओळखलं आहे. "कधी बसू" याचं उत्तर तिला खरं द्या: एक वर्ष तरी नाही, कदाचित दोन. आणि मग तिला काम द्या. कठड्याबाहेरून, मोठं माणूस जवळ असताना, शाळेचं पुस्तक तिनं घोडीपाशी बसून मोठ्यानं वाचावं. नाडीची वही तिनं ठेवावी, रोजची तारीख, ठोके, आज कशाला बुजली, किती वेळात मान खाली आली. दोन महिन्यांनी ती वही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगेल.

वहीत आणखी एक रकाना करायला सांगा. घोडा उभ्यानं डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि जिथे धास्ती वाटते तिथे तो कित्येक दिवस आडवा होत नाही. शेडमध्ये जाड, कोरडं काड अंथरा. सकाळी खरारा करायच्या आधी मुलीनं तिच्या दोन्ही कुशी नीट बघाव्यात. केसांत काडाचे कण अडकलेले दिसले, एखाद्या बाजूचे केस चेपलेले दिसले, तर रात्री ती झोपली होती. ज्या दिवशी हे पहिल्यांदा दिसेल त्या दिवशीची तारीख मला कळवा.